टोपीचा वायसर

निपाणीत कुणाचा स्टो रुसला की अक्कोळच्या भरम्याला निरोप जाई. १९३८ च्या सुमाराला गावात स्टो मोजके होते आणि ते दुरुस्त करणारा तो एकटाच. पेटी सायकलला बांधून यायचा. आल्या आल्या उघडझाक करायची नाही, आधी पंपाला कान लावायचा, ही त्याची रीत.

श्रावणात झड लागली होती. धरणेंद्र शेटजींच्या घरी सरपण भिजलेलं, चूल नुसती धुमसत होती आणि स्टोत हवा भरत नव्हती. शेटजींच्या आई धोंडूबाई जैन रीतीप्रमाणे एकवेळ जेवायच्या, तेही दिवस मावळायच्या आत. वेळ टळली की दुसऱ्या दिवसापर्यंत कडकडीत उपास. दिवस मावळायला तासभर उरला होता.

भरम्यानं टाकीच्या टोपणाला साबणाचा फेस लावला. बुडबुडा नाही. पंपात मागं रॉकेल येत नव्हतं, म्हणजे आतली झडपही ठीक. दट्ट्या मात्र लोण्यात सुरी जावी तसा आत जात होता. त्यानं तो ओढून काढला. टोकाला चामड्याच्या वायसरऐवजी काळ्या बनातीची चकती.

"वैनी, हे काय वो?"

"ह्यांची जुनी टोपी," धोंडूबाईंच्या सूनबाई चंपाबाई म्हणाल्या. "चार दिवस शोधायलेत."

"डोक्याला बरी हुती की. हवा कशी अडंल हिच्यात?"

चंपाबाईंनी आवाज उतरवला. "स्टोत चामडं असतंय म्हणून आत्याबाईंना देवळात कुणी तरी सांगितलं. तवापासनं स्टोवरचं खाईनात. म्हणून मीच काढलं."

भरम्याच्या पेटीत तेलात मुरलेले तीन वायसर होते, चामड्याचे. चंपाबाईंची नजर तिकडं गेली.

"घाला एक, भरमाण्णा. मी बोलत न्हाय."

दोन मिनिटांचं काम. भरम्यानं वायसर उचलला आणि परत ठेवला.

"धोंडूआक्कांनी इचारलं तर मला खरं बोलावं लागंल."

पेटीत रबर संपलं होतं. बाहेर जाऊन त्यानं आपल्याच सायकलच्या पुढच्या चाकाची ट्यूब काढली आणि दोन चकत्या कापल्या. मधे पत्र्याचा गोल घातला, शेंगतेल चोळलं. पहिल्यांदा दट्ट्या अडकला. कडा तासून पुन्हा बसवला. दहाव्या दाबाला हाताला जोर लागला. थोड्या वेळानं निळी ज्योत सरळ उभी राहिली.

खिचडी उतरली तेव्हा अंगणात अजून उजेड होता. सोप्यातून धोंडूबाई उठून आल्या.

"भरमा, चामडं न्हाय न्हवं रं?"

"न्हाय आक्का. माझ्या सायकलीचं रबर हाय."

स्टो उघडून दाखव, असं त्या म्हणाल्या नाहीत. पाटावर बसल्या आणि जेवल्या.

रबर रॉकेलनं फुगतं, दोन महिन्यांपलीकडं टिकत नाही. धोंडूबाई होत्या तोवर, म्हणजे पुढची सहा वर्षं, भरमा न बोलावता येऊन ते बदलून जाई. त्या दिवशी मात्र तो सायकल हातात धरून चिखलातून अक्कोळपर्यंत चालत गेला.