मवाळ शब्द

बारावीनंतर मुरबाडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात मला टायपिंगचं काम मिळालं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. टोकावड्याकडच्या आमच्या गावातली ऑफिसात बसणारी मी पहिलीच मुलगी. ही नोकरी मला आमच्या आळीतल्या एका काकांनी शब्द टाकून मिळवून दिली होती. ते आत प्रेस मशीनवर लोखंडी पत्रे कापायचे.

एका सकाळी त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला एक जाळी असते. ती महिनाभर काढून ठेवलेली होती, कारण जाळी असली की काम हळू होतं. मॅनेजरना हे माहीत होतं. मलाही माहीत होतं.

मॅनेजरनी अपघाताचा रिपोर्ट इंग्रजीत सांगितला. कारणाच्या रकान्यात त्यांनी शब्द दिला, इनॅडव्हर्टन्स. मला तो नवा होता. स्पेलिंग विचारलं, मग अर्थही विचारला.

"निग्लिजन्स लिहिलं तर त्याने हलगर्जीपणा केला असं होतं," ते शांतपणे म्हणाले. "हा मवाळ शब्द आहे. मुद्दाम नाही, नुसतं लक्ष नव्हतं. त्याच्याच भल्याचं आहे."

"आणि जाळीचं?"

"त्याला यात रकाना नाही."

मी डिक्शनरी काढली. अनवधान, असा अर्थ दिला होता. साहेबांनी सांगितलं ते खोटं नव्हतं, त्यामुळे अडून बसायला मला काही सापडेना. घरी माझ्या पाठच्या दोन बहिणी शिकत होत्या. मी टाइप केलं.

दुपारी मला जीपने दवाखान्यात पाठवलं, वाचून दाखवून अंगठा घ्यायला. ड्रायव्हर दारातच उभा राहिला.

"काय लिवलंय गो बाय?" काकांनी विचारलं.

"तुमचं लक्ष नव्हतं, असं."

त्यांनी बँडेजचा हात जरा वर धरला. "लक्ष व्हतं. व्हतं म्हनून दोनच गेली."

त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अंगठा नाय दिला तर तुला काय बोलतील?"

मी खाली मान घातली. त्यांनी डावा हात पुढे केला. शाईचं पॅड मीच धरलं.

बरे झाल्यावर त्यांना गेटवर वॉचमन केलं. पुढची पाच वर्षं मी रोज सकाळी त्यांच्यासमोरून आत जात होते. ते "आलीस का" म्हणायचे, मी "हो" म्हणायचे. दुसरी नोकरी शोधायचं मनात यायचं. ती मिळाली असती तरी त्यांना काय सांगून गेले असते?

लग्न ठरलं, सासर शहापूरचं, म्हणून नोकरी सुटली. शेवटच्या दिवशी मी गेटवर थांबले.

"काका, तेव्हा मी जाळीचं लिहायला पाहिजे होतं."

वाटलं, ते जाऊ दे म्हणतील.

"व्हय," ते म्हणाले. "लिवायला पायजे व्हतंस."