सांडणीची हाक

बुरुलकान एजेंबद्दल, म्हणजे बुरुलकान ताईंबद्दल, चार चांगले शब्द सांगण्याआधी हे सांगून टाकतो, की त्या हिवाळ्यात त्यांनी माझं डोकं पार उठवलं होतं. अजूनही आठवलं की चिडचिड होते.

बिश्केकमधल्या एका तळघरातल्या स्टुडिओत मी आवाज रेकॉर्ड करतो. तेव्हा आमची लहान मुलांसाठी एक कार्टून मालिका तयार होत होती. तिचा नायक एक मेंढा. त्याचं नाव बोलोत, म्हणजे पोलाद. संकट आलं की त्याची चरबीची शेपटी फुगते आणि तो उडतो, पण शेपटी पुढे आणि तोंड मागे. त्यामुळे आपण कुठे चाललोय हे त्याला कधीच दिसत नाही. जगाला वाचवायला निघतो आणि दर भागात आधी कुणाच्या तरी चुलीवर जाऊन आपटतो. शिवाय पठ्ठ्या महाआळशी. नावाने तीनदा हाक मारल्याशिवाय हलत नाही. ही हाक मारते एक म्हातारी सांडणी, कारण तिची मान उंच, संकट तिला सगळ्यांच्या आधी दिसतं. आणि सांडणीचा आवाज म्हणजे बुरुलकान एजे.

एजे छप्पन्न वर्षांच्या, नारीनकडच्या. बाहुल्यांच्या नाट्यगृहात त्यांनी एकोणतीस वर्षं पडद्यामागे गुडघ्यांवर बसून काढली. या शहरातल्या निम्म्या आईबापांनी लहानपणी त्यांची शेळी, त्यांचा कोल्हा, त्यांची चेटकीण ऐकली आहे, पण बाजारात बाईंना कुणी ओळखत नाही. गुडघे गेले तेव्हा नाट्यगृहाने एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. घरात नवरा कुबान, तो मिनीबस चालवतो. तो धाकटा मुलगा, म्हणून रिवाजाप्रमाणे म्हातारे सासरेही त्यांच्याकडेच; मुलं त्यांना अता, म्हणजे बाबा, म्हणतात. दोन वर्षं एजे पीठ लाटत आणि टीव्हीतल्या लोकांच्या नकला करत घरात बसल्या. मग आमची दिग्दर्शिका मीरिम हिने त्यांना बोलावलं.

"पडद्यावर नाव येणार ना?" एजेंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"येणार."

"माझं? पूर्ण?"

"अहो एजे, मोठ्या अक्षरात येणार!"

तेवढ्यावर त्यांनी अख्ख्या गल्लीला बोरसोक, म्हणजे कणकेचे गोळे, तळून वाटले.

पहिलं वाचन छान झालं, एक गोष्ट सोडून. कागदावर लिहिलं होतं, "बोलोत! बोलोत! बोलोत! ऊठ!" एजे म्हणाल्या, "अरे ए टणक्या! ऊठ!" आम्ही हसलो. मीरिम म्हणाली, "मस्त, पण लिहिलंय तेच म्हणा." दुसऱ्यांदा एजे म्हणाल्या, "अरे शेपटीवाल्या!" तिसऱ्यांदा, "अहो धारदार!" चौथ्यांदा त्यांना खोकला आला. पाचव्यांदा त्यांना चहा हवा होता.

असे दहा दिवस गेले. दहा दिवस! बाकीचं सगळं एजे असं बोलायच्या की अंगावर काटा यावा, आणि हाकेच्या जागी आले की गाडी चिखलात. मी गोड बोलून पाहिलं, दरडावून पाहिलं. मीरिमने तर नखं खाऊन संपवली. नाव बदलावं म्हटलं तर शीर्षकगीत गाऊन झालेलं, मेंढ्याचं तोंड असलेली दप्तरं छापून आलेली, सांडणीचे ओठसुद्धा त्या नावाबरहुकूम काढलेले. मार्चमध्ये नौरोझच्या सणाला पहिला भाग लागायचा होता.

"एजे, तुम्हाला नक्की होतंय काय?" शेवटी मीरिम ओरडलीच. "सोमवारपर्यंत हाक मिळाली नाही तर मी रेडिओवरच्या चोल्पोनला आणणार. मग सांडणीही तिची आणि पडद्यावरचं नावही तिचं."

एजेंचा चेहरा पडला. त्यांनी पिशवी उघडली, नवऱ्याचं जुनं लायसन काढलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. तोंडाने एक शब्द नाही. नुसतं बोट. बोट वडिलांच्या नावावर होतं. मी वाचलं आणि कपाळावर हात मारला.

सासऱ्यांचं नाव बोलोत!

आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. दिराचंही नाही. जुन्या वळणाच्या बायका तर त्या नावासारखा साधा शब्दसुद्धा तोंडात येऊ देत नाहीत. माझी आई अशीच होती, तरी माझ्या डोक्यात आलं नाही. आणि या बाई सांगणार तरी कशा? अडचण काय ते सांगायचं तर नाव घ्यावं लागणार! तेहेतीस वर्षं एजे त्या घरात पोलादी सुरीला 'ती टणक सुरी' म्हणतात, हे मला नंतर कळलं.

"आपण कुठल्या शतकात राहतो?" मीरिम म्हणाली. ती शहरातली, तिला सासरेच नाहीत. "सासरे इथे आहेत का? त्यांना कळणार आहे का?"

"मला कळेल ना," एजे म्हणाल्या.

"मग परवानगी मागा."

"सून अशी परवानगी मागते होय?"

कुबानला फोन केला. तो म्हणाला, "भाऊ, मी अतांशी पंधरा वर्षांत हवामानाशिवाय काही बोललो नाही. तुम्हीच बघा." म्हणजे हे लचांड माझ्या गळ्यात. साखर आणि चहाची पुडी घेऊन शनिवारी मी त्यांच्या घरी गेलो.

अता शहाऐंशी वर्षांचे. पाठ ताठ, डोक्यावर पांढरी उंच टोपी. जन्म मेंढरांमागे गेलेला. एजेंनी चहा दिला आणि जे दाराआड गेल्या, ते बाहेर आल्याच नाहीत. मी घाम पुसत सगळं सांगितलं.

"मेंढा?" अता म्हणाले. "माझ्या नावाचा?"

"हो अता. पण शूर आहे."

"शेपटी केवढी?"

"फुगली की घराएवढी."

"आणि लोकर?"

"लोकर... अता, तो चित्रातला आहे."

"चित्रातला असला म्हणून काय झालं? जात चांगली हवी. नाव माझं लावताय." त्यांनी शांतपणे चहाची वाटी रिकामी केली. मला वाटलं, गेलं काम. "सोमवारी किती वाजता?"

"कशाला?"

"मी येतो. मी समोर असताना म्हणाली तर ती चोरी नाही."

सोमवारी ते आले, कोट आणि सगळी पदकं लावून. मीरिमने आधी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. अतांनी दोन्ही तळवे उघडून सुनेला आशीर्वाद दिला, "आज तुझ्या जिभेला मोकळीक आहे, पोरी, ओमीन," आणि चेहऱ्यावरून हात फिरवले. आम्हीही फिरवले. मग एजे काचेच्या पलीकडे माइकसमोर गेल्या आणि अता अलीकडे माझ्याशेजारी बसले. टोपी काढायला तयार नाहीत, म्हणून हेडफोन टोपीवरूनच चढवले.

मी लाल दिवा लावला. एजेंनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. सासरे समोर, आणि सासऱ्यांना पाठ दाखवायची नाही हाही रिवाजच. मला ओरडावंसं वाटत होतं. तेवढ्यात अता उठले आणि आपली खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले.

"बोलोत!"

इतका मोठा आवाज त्या छोट्या बाईतून निघेल असं मला वाटलं नव्हतं. डोंगरापलीकडच्या माणसाला मारावी तशी हाक होती ती.

"ओ!" माझ्या शेजारी अता खुर्चीतून उठून उभेच राहिले. "ओ! काय झालं?"

त्यांची ओ काचेतून थेट माइकमध्ये गेली. एजेंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. टेक फुकट.

"अता, ओ द्यायची नाही," मी दात आवळून म्हणालो.

"बरं."

दुसरा टेक. "बोलोत!" "ओ!" तिसरा टेक. आता तर त्यांनी टोपी सावरून दाराकडे दोन पावलंही टाकली.

"अहो अता!" मीरिमचा तोल सुटला. "ती तुम्हाला नाही, मेंढ्याला बोलावतेय! चॅनेलवाले माझा जीव घेतील!"

अता खाली बसले. गुडघ्यांवर हात ठेवून हळूच म्हणाले, "ठाऊक आहे गं, लेकी. मुद्दाम नाही करत. आमची म्हातारी होती, ती नाव घ्यायची नाही. मुलं अता म्हणतात, गल्ली म्हातारबाबा म्हणते. नावाने हाक मारणारा माझा थोरला भाऊ तेवढा उरला होता. त्याला माती देऊन चौदा वर्षं झाली. मला वाटलं होतं, आता कुणी मारणार नाही."

मीरिमने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मी विनाकारण बटणं पुसली. काचेपलीकडे एजेंना काही ऐकू गेलं नव्हतं. आपण काय चुकवलं या भीतीने त्या आमच्याकडे बघत होत्या.

"अजून किती वेळा म्हणायचंय तिला?" अतांनी विचारलं.

खरं म्हणजे एकदाच. एक चांगली हाक मिळाली की तीच कापून सगळ्या भागांत चिकटवता येते. असं काम मी वीस वर्षं करतोय, आणि मीरिमला ते माझ्याइतकंच ठाऊक आहे. वर दिवस थोडे, स्टुडिओचं भाडं डोक्यावर, आणि माझा सकाळपासून चहासुद्धा झाला नव्हता.

"भाग सव्वीस," मी म्हणालो. "दर भागात तीन हाका."

अतांनी मीरिमकडे पाहिलं. मीरिमने माझ्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला.

"दर मंगळवारी यावं लागेल, अता," ती म्हणाली.