जांभळी वज्री

दिल्लीच्या थंडीत टाचांना भेगा पडल्या की मला तो दगड आठवतो. भाची आमच्याकडे मयूर विहारला राहून कॉलेजात दगडांबद्दल शिकत होती. एकदा मोरीत फिकट जांभळा, चमचमता दगड दिसला. माझ्यासाठी नवी वज्री आणली असं समजून मी टाचा घासल्या. टाचा तशाच राहिल्या, दगडाचेच पापुद्रे सुटले. तिनेच धुऊन मोरीत ठेवलेला तो दगड न्यायला ती आली नि दारातच थबकली. ‘मावशी, हा कॉलेजचा आहे. उद्या वर्गात यावर बोलायचंय मला.’ ‘दगड इतका लेचापेचा असतो होय?’ ‘अगं, हा अभ्रकाच्या जातीचा, नखानेही सुटतो. यातून लिथियम काढतात, मोबाइलच्या बॅटरीसाठी. काचेत, चिनी मातीतही घालतात.’ तिने पापुद्रे बशीत वेचून घेतले. दुसऱ्या दिवशी खुशीत परतली. ‘दगड किती मऊ ते सांगताना तुझ्या टाचांचं उदाहरण दिलं. सर पण हसले, बिल्कुल रागावले नाहीत.’ मी पोळ्या लाटत राहिले. पुढे तिच्या लग्नाला आलेले ते सर माझ्या पाया पडायला वाकले. ‘त्या मावशी तुम्हीच ना?’ मी झटकन पाय साडीत ओढून घेतले. अजूनही टाचा घासायच्या तर मी मोरीला आतून कडी लावते.