पक्कडीचा हलका हात

पक्कड हे काही आईबापानं ठेवलेलं नाव नव्हतं. फुटबॉलच्या मैदानावर खेळाडूंच्या पोटऱ्या रगडता रगडता ते त्याला चिकटलं, आणि मग खरं नाव विचारायची कुणाला गरजच पडली नाही. त्याच्या अंगठ्याखाली मांडी आली की भलेभले रडकुंडीला यायचे. ड्रेसिंग रूमच्या बाकावर गोलकीपर पालथा, तोंडात टॉवेलचा बोळा, आणि पक्कड कोपरानं त्याच्या मांडीत घुसलेला.

"मेलो!"

"मेलेला माणूस बोलत नाही. गप पड."

थोड्या वेळानं तोच गोलकीपर उठून उड्या मारायचा. त्यामुळे पक्कडीच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली होती: जिथं अडलंय तिथं जोर लाव, मोकळं होतं. घरातल्या बरण्यांनासुद्धा तो हाच न्याय लावायचा. अर्ध्या बरण्यांना झाकणं नव्हती ती त्यामुळेच.

त्याची बायको तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होती. टेबलावर कापडाचे थर, वर खडूच्या रेघा, आणि तिच्या उजव्या हातात कात्री. तिला सगळे मास्तरीण म्हणायचे, कारण तिनं कापलेलं कापड परत मापायची वेळ येत नसे. आदल्या वर्षी तिच्या उजव्या छातीचं ऑपरेशन झालं. गाठ कॅन्सरची होती, त्यामुळे काखेतल्या बारीक गाठीही काढून टाकल्या. औषधं, सुया, केस गळणं, सगळं उरकून ती कामावर गेली. कुणी कळवळून विचारायला लागलं की म्हणायची, "कापाकापीच झाली ना? ती तर मी रोज करते."

मग हात सुजायला लागला. आधी तिनं घड्याळ डाव्या मनगटावर घेतलं. पक्कडीच्या लक्षात आलं नाही. मग ब्लाउजच्या बाहीची शिवण उसवून घेतली. तेही लक्षात आलं नाही. शेवटी कात्रीच्या कडीत अंगठा जाईना, तेव्हा सुपरवायझरनं तिला बटणांच्या टेबलावर बसवलं.

"बटणं निवडतेय मी. बटणं!" घरी येऊन तिनं चप्पल कोपऱ्यात भिरकावली. "सीझन सुरू होईपर्यंत टेबल राखतो म्हणाला. तोवर हात उतरला नाही तर दुसरी येणार माझ्या जागेवर."

"अगं, मग मी कशाला आहे घरात?"

"तेच मी इतकी वर्षं विचारतेय."

पक्कडीनं तेल कोमट केलं आणि तिचा हात मांडीवर घेऊन बोटांपासून खांद्यापर्यंत असा पिळला, जसं काही ओलं गोधडं पिळतोय. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. मास्तरीण दात आवळून बसली. दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी जोर लावला. तिसऱ्या दिवशी हात लालभडक, तापलेल्या तव्यासारखा, आणि तिला हुडहुडी भरून ताप.

दवाखान्यात सलाइनमधून औषध सुरू झालं. ताप उतरल्यावर फिजिओथेरपीवाली आली. वयानं त्यांच्या मुलीसारखी, हातात मापाची टेप. तिनं हात बघितला आणि विचारलं, "ह्याला मालिश कुणी केलं?"

"हे बसलेत ना, खुर्ची मोडत," मास्तरीण म्हणाली.

पक्कडीनं मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा आपले हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

"ताप कामावर सुई टोचून आला असेल, बारीक जखमेतून जंतू जातात," फिजिओवाली म्हणाली. "पण काका, जोरानं त्यात भर पडली. तुम्ही मैदानावर काम करता ना? पोरांच्या पायाला जखम झाली, पिकली, की जांघेत काय येतं?"

"अवधाण."

"बरोबर. ती गाठ कशाला फुगते? घाणीला वर जाऊ देत नाही म्हणून. अशा शेकडो गाठी आहेत अंगात. मानेत, काखेत, जांघेत, पोटात. प्रत्येक गाठीत पांढऱ्या पेशी, नाक्यावरच्या पोलिसासारख्या. जंतू आला की तिथंच धरतात."

"आणि हिच्या काखेतले पोलीस..."

"काढले. नाकाही गेला, रस्ताही गेला."

मग तिनं पुढचं सांगितलं. रक्त बारीक नळ्यांतून फिरतं तेव्हा त्यातलं पाणी जरा पाझरतं. बरंचसं परत आत जातं, उरलेलं मागं राहतं. ते उचलायला वेगळ्या नळ्या असतात, केसासारख्या, कातडीच्या लगेच खाली. त्या पाण्याला पुस्तकात लसिका म्हणतात. जेवणातली चरबीसुद्धा आतड्यातून ह्याच रस्त्यानं निघते. नळ्यांना आत झडपा, म्हणजे गेलेलं मागं येत नाही. सगळं पाणी शेवटी मानेच्या खाली, गळ्याच्या हाडामागं मोठ्या शिरेत पडतं आणि परत रक्तात मिसळतं.

"आणि पंप कुठाय ह्याचा?" पक्कडीनं विचारलं. मशीन म्हणलं की त्याला पंप लागायचा.

"रक्ताला हृदय आहे, ह्याला नाही. नळ्या जराशा आवळतात, आपण हलतो, श्वास घेतो, त्यावर हे पाणी सरकतं. फार हळू. आणि नळ्या इतक्या नाजूक की तुम्ही दाबलंत की मिटल्या. तुमचा जोर खाली स्नायूत जातो, पाणी वर कातडीखाली बसलेलं असतं."

"म्हणजे मी चुकीच्या घराचं दार ठोठावत होतो."

"ठोठावत नव्हता, फोडत होता," मास्तरीण पलंगावरून म्हणाली.

हात बरा झाल्यावर रोज हलकं मालिश करायचं, वर पट्ट्या गुंडाळायच्या, आणि हात उतरला की मापाची घट्ट बाही घालायची, असं ठरलं. दवाखाना लांब होता, रोज येणं जमणारं नव्हतं. घरात कुणीतरी शिकायला हवं होतं. घरात दोघंच होती.

"हे नकोत," मास्तरीण म्हणाली. "मी डाव्या हातानं करेन काहीतरी."

पक्कडीनं तरी बाह्या वर सारल्या. फिजिओवालीनं त्याच्या दंडावर करून दाखवलं तेव्हा त्याला वाटलं, माशी बसली. त्यानं तिच्या हातावर करून बघितलं तेव्हा ती ओरडली. "काका! फक्त कातडी सरकवायची. चोळायचं नाही, दाबायचं नाही. सरकवा आणि सोडा."

हे काही त्याच्या बोटांना झेपेना. घरी त्यानं दूध तापवून ताटात ओतलं, निवू दिलं, आणि वर साय धरल्यावर तिच्यावर बोटं सपाट ठेवून ती सरकवायला लागला. फाटता कामा नये, नुसती सुरकुती पडली पाहिजे. पहिली साय फाटली. दुसरी, तिसरीही फाटली. मास्तरीण चहा घ्यायला आली आणि घोट तोंडातच धरून उभी राहिली.

"चहाला बामाचा वास का येतोय?"

"मी जरा सराव..."

"त्या मैदानावरच्या हातांनी? दुधात?" तिनं चहा मोरीत ओतला. पण ताटात डोकावून बघितलं. पक्कडीनं श्वास रोखून बोटं ठेवली. साय सरकली, तिच्यावर बारीक सुरकुती आली, आणि बोट उचलल्यावर सपाट होऊन परत जागेवर बसली.

मास्तरीण त्याच्या बोटांकडे बघत होती. कापडातलं तिला कळायचं. ताण किती दिला की वीण उसवते, किती दिला की नुसती सरकते, हे तिच्या बोटांत होतं.

"रविवारी बघू," ती म्हणाली. "हात साबणानं धुऊन या. दोनदा."

रविवारी सकाळी ती खुर्चीत बसली. पक्कडीनं तिला पोटातून खोल श्वास घ्यायला लावला आणि बोटं तिच्या गळ्याच्या हाडामागं ठेवली.

"अहो, सूज हातात आहे."

"माहितीये. आधी पुढचा रस्ता मोकळा करायचा. मागून ढकलून काय उपयोग, पुढं गर्दी असल्यावर?"

मग डावी काख, जिथले नाके शाबूत होते, मग छातीवरून तिकडं नेणारी वाट, मग दंड. हाताच्या बोटांपर्यंत तो सगळ्यात शेवटी पोचला, आणि तिथूनही प्रत्येक वेळी वरच्याच दिशेला. तासभर तो कसलाही जोर न लावता घामाघूम झाला.  त्याचा अंगठा एकदा सवयीनं आत घुसला, तेव्हा तिनं डाव्या हातानं त्याच्या डोक्यात टपली मारली. मग पट्ट्या गुंडाळून घेतल्या आणि कामाला लागली.

जेवणाआधी ती दोनदा बाथरूमला जाऊन आली. जेवताना परत उठली.

"काय पाजलंत मला?"

पक्कड हातातला घास तसाच धरून हसायला लागला. "काही नाही पाजलं. तुझंच पाणी आहे. हातातलं रक्तात गेलं, रक्तातलं खाली आलं."

"जेवताना कसलं बोलता हो," ती म्हणाली, पण हसू आवरेना.

हात काही एका रविवारात उतरला नाही. आठवड्यांनी उतरला, आणि पुरता तर कधीच नाही. मापाची बाही आली तेव्हा मास्तरणीनं ती उलटी करून शिवण बघितली आणि नाक मुरडलं. सीझनच्या पहिल्या दिवशी ती बाही चढवून कटिंगच्या टेबलाशी उभी राहिली. तिच्या जागेवर दुसरी बाई आलेली होती, पण सुपरवायझरनं त्या बाईला पलीकडच्या टेबलावर नेलं. थर पूर्वीइतके जाड चालत नव्हते. तिनं कमी थर लावले आणि जास्त वेळा कापले.

मैदानावर गोलकीपर कुरकुरायला लागला, "पक्कड, हात ढिला पडलाय तुझा."

"पालथा हो," पक्कड म्हणाला, आणि कोपर टेकवला. गोलकीपरची किंकाळी बाहेर फाटकापर्यंत ऐकू गेली.

मग हात साबणानं दोनदा धुऊन तो घरी निघाला. घरी ती खुर्चीत बसली होती. बाही उतरवून, मान एका बाजूला कलती करून, त्याची वाट बघत.