मोर्वोचे कॉव्हेंट्रीतले भक्त

जुन्या गाड्या आणि रिटायर्ड पुरुष एकत्र आले की किस्से गोळा करावे लागत नाहीत. इंजिनाखाली तेल साचतं, तसे ते आपोआप साचतात! मी इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत सॉफ्टवेअरची नोकरी करतो. शेजारच्या डॉक्टर शिरीषकाकांनी मला त्यांच्या मोर्वो क्लबात ओढलं आणि माझे रविवार बरबाद झाले.

*

मोर्वो म्हणजे मोटारी नुकत्या निघाल्या तेव्हाची फ्रेंच कंपनी. क्लबचा अध्यक्ष नायजेल तिचा इतिहास पुराणासारखा सांगतो. आधी शिलाई मशीन, मग मोटारी, मग शर्यती जिंकल्या, ड्यूक-काउंट रांगेत! पुढे इतरांनी स्वस्त गाड्या काढल्या, तर मालक म्हणाला, "मी कारकुनांसाठी गाड्या बनवत नाही!" कारकून दुसरीकडे गेले, ड्यूक कंगाल झाले, कारखान्याला टाळं लागलं.

"म्हणजे मालकाच्या माजानं बुडाली?" मी विचारलं.

नायजेलचे डोळे भरून आले. "नो! जगाची अभिरुची बुडाली!"

*

मागे एका बाईंनी मेंबर व्हायचं ठरवलं. इंजिन चालू करायला हँडल मारून हात दुखायचे, म्हणून त्यांनी आपल्या मोर्वोला बटणाचा स्टार्टर बसवला होता. कमिटीनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं. आता क्लबात माणसं कमी, खुर्च्या जास्त. मालकाचा एवढा एकच गुण यांनी जसाच्या तसा जपलाय!

*

एकदा चढावर नायजेलची गाडी थांबली. मागे बस अडकली. ड्रायव्हर उतरून आला, "ब्रेकडाउन?"

"छे! इंजिन विश्रांती घेतंय," नायजेल ताठ मानेनं म्हणाला.

ड्रायव्हरनं गाडी मागून-पुढून पाहिली. "कधीपासून?"

*

शिरीषकाका सर्जन होते. त्यांच्या मोर्वोचा अ‍ॅक्सल मोडला, तेव्हा स्वतः फ्रान्सला जाऊन पार्ट घेऊन आले. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, माझा गुडघा वेटिंग लिस्टवर आहे. तोही फ्रान्समध्ये मिळतो का बघायचंत!"

*

आणि मीराचं लग्न. मीरा काकांची एकुलती एक, इथेच वाढलेली. हॉल लेस्टरला. काका हट्टाला पेटले, नवरी मोर्वोतूनच जाणार! मीरा रडकुंडीला आली. "बाबा, तुमचा गाडी माझा लग्न मिस करणार!"

बेलग्रेव्ह रोडवर, साड्यांच्या दुकानांसमोर, मोर्वोनं मान टाकली. काका हँडल मारून घामाघूम. फुटपाथवर लोक मोबाइल काढून उभे. मुहूर्त जवळ आला. मी मागून माझ्या गाडीत येत होतो. काकूंनी मीराला तीत बसवलं.

"अहो, चला!"

"हिला अशी रस्त्यात टाकून?" काका बॉनेटवर हात ठेवून म्हणाले. "तुम्ही व्हा पुढे."

काकूंनी माझ्या गाडीत बसून दार ओढून घेतलं. हॉलवर गुरुजींनी विचारलं, "मुलीचे वडील कुठायत? कन्यादानाला बसायचंय."

काकूंनी पदर खोचला आणि पाटावर बसल्या.

"त्यांची लेक रस्त्यात बंद पडलीय. माझीचं उरकून घ्या."