मामेसासऱ्यांचं गब्दुल अक्षर

आमच्या मामेसासऱ्यांइतकं जाडजूड अक्षर काढणारा माणूस चंद्रपूर-गडचिरोलीतच काय, अख्ख्या भूतलावर नसेल. हे माझ्या बायकोचे मामा. मुक्काम कुरखेड्याजवळचं एक खेडं, धंदा पेंटरचा. त्यांचं प्रत्येक अक्षर नुकतंच लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखं दिसतं. पोट सुटलेलं, टोकांना पीळदार मिशा, पाठीमागे जाड सावली, आणि जिथे म्हणून पोकळी सापडेल तिथे एक कमळ. एका 'क'ला अर्धा दिवस लागतो. गिऱ्हाईकानं "जरा बारीक काढा" म्हटलं की मामा ब्रश खाली ठेवतात आणि चहा मागतात.

अडचण एकच, मजकूर कधी मावत नाही. वडशाच्या एका नाटक मंडळीचा बोर्ड त्यांनी रंगवला, त्यात नाटकाचं नाव असं ऐसपैस बसलं की तारखेला आणि गावाला जागाच उरली नाही. आठवडाभर लोक मामांच्या दारात चौकशीला येत होते. तारीख सांगून सांगून मामींचा घसा बसला. पण कळस झाला तो जंगलाच्या रस्त्यावर. 'पुढे वाघ आहे, थांबू नका' असा फलक मामांनी रंगवला, आणि तो इतका देखणा उतरला की येणारा-जाणारा गाडी थांबवून त्याच्यासमोर फोटो काढू लागला. शेवटी एका वनरक्षकाला तिथे उभं राहून लोकांना हाकलावं लागलं. मी मामांना चिडवलं, तर म्हणाले, "वाघाचं नाव हाय जवाईबापू. बारीक लिवलं तं त्याले राग नाई येईन का?" फ्लेक्सवाल्याकडची तयार अक्षरं एकदा दाखवली, तर चष्मा वर करून त्यांनी विचारलं, "सावली दोन्हीकडं पडून राह्यली. याच्या कम्प्युटरात दोन सूर्य हायेत काय?"

लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर नवरा-नवरीची नावं रंगवायची आमच्याकडे रीत आहे. मागच्या उन्हाळ्यात मामांच्या एकुलत्या लेकीचं, पौर्णिमाचं लग्न ठरलं. मुलगा गडचांदूरचा, प्रफुल. व्याही मानापानाचे पक्के, म्हणून मामी आधीच धास्तावलेल्या. मामा चार दिवस आधी शिडीवर चढले. काना, मात्रा, वेलांटी, रफार, सगळं एकाच नावात, म्हणजे मामांना रान मोकळं. पहिल्या दिवशी नुसता 'पौ' झाला. वरातीच्या दिवशी सकाळी पाहतो तो भिंत संपलेली, आणि नवरदेवाचा पत्ता नाही.

"आता व्याही वरात वापस नेतीन," मामींनी कपाळावर हात मारला.

"मामा, भिंत मोजली नव्हती का?" मी विचारलं.

"मोजली होती ना," मामा शिडीवरूनच म्हणाले. "पन पोरीचं नाव संपवावं असं वाटूनच नाई राह्यलं."

वरात आली. व्याही भिंतीसमोर थांबले, तसा बँडही थांबला. "आमच्या पोराचं नाव कुठी हाय?"

मामांनी रंगाचे हात जोडले. "तुमच्या भितीवर येऊन लिवून देतो भाऊ, म्हनसान तेवढं मोठं. पोरगी आता तिकडचीच होऊन राह्यली. इथी तेवढं तिचंच नाव राहू द्या."

व्याह्यांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. त्यांनीही आदल्याच वर्षी लेक सासरी पाठवली होती. "आमची भीत याच्याहून मोठी हाय," असं काहीसं पुटपुटत ते मांडवात शिरले.

दिवाळीच्या आधी गावात घरोघरी चुना लागतो आणि लग्नाची नावं पुसली जातात. मी गेलो तेव्हा मामा शिडीवर बसून बारीक ब्रशनं अक्षरांच्या कडेकडेनं भिंत पांढरी करत होते. खालच्या कडा मामी सांभाळत होत्या. मी म्हटलं, "मामी, अशानं दोन दिवस जातील."

"जाऊ द्या ना जवाईबापू," मामी म्हणाल्या. "पोरीसंग बसल्यावानी वाटते."