शालन आणि कोरडा ईथर

१४ ऑगस्ट. परवा ज्वारी निवडत बसले होते, तेव्हा शालनचे यजमान कळंबला आमच्या दारात आले. शालन जाऊन महिना होत आला होता. दुसऱ्या दिवशी उस्मानाबादच्या कॉलेजात शोकसभा होती आणि सगळ्यात जुनी मैत्रीण म्हणून मी बोलावं, असं त्यांचं म्हणणं.

त्याच कॉलेजात आम्ही दोघी बी.एस्सी.ला एका टेबलावर होतो. दुष्काळाचं वर्ष. प्रयोगशाळेच्या नळाला पाणी नसे; एकच बादली तांब्यानं कंडेन्सरमधून फिरवून फिरवून वापरायची. मी तापानं पडले तेव्हा टँकरवर भांडून शालननं माझी घागर भरून आणली होती... हेही खरंच आहे.

त्या वर्षी सरांनी नायट्राइलपासून अल्डिहाइड करायला दिलं. जिचं नीट निघेल तिला डेमॉन्स्ट्रेटरची जागा, असं ते बोलून गेले. कोरड्या ईथरमध्ये स्टॅनस क्लोराइड, त्यात हायड्रोजन क्लोराइड वायू सोडायचा, मग नायट्राइल. साका बसला की मगच पाणी घालायचं; मग कडू बदामाचा वास सुटतो. त्याआधी पाणी शिरलं की सगळं फुकट. मी ईथर सोडियमवर वाळवून बाटलीत काढून ठेवायची आणि शालन चिडवायची, "सगळा जिल्हा पाणी मागतोय, अन् तुझ्या ईथराला थेंब चालंना! लई मिजासखोर हाय गं."

माझा साका बसलाच नाही. तिचा बसला. सर म्हणाले, "तुमच्या हाताला घाई आहे." जागा तिला मिळाली, मी कळंबला शाळेत लागले. आपला हात प्रयोगाचा नाही हे मीही मानलं आणि एम.एस्सी.चा विचार सोडला.

चहा घेताना यजमान हसले. "ताई, शेवटी शेवटी तिनं एक गंमत सांगितली. तुमच्या ईथरच्या बाटलीत तिनंच पाणी ओतलं होतं म्हणं. पोरवयातला खोडसाळपणा! तुमाला तर ठाऊकच असंल."

"नाही," मी म्हणाले. "मला ठाऊक नव्हतं."

त्यांनी कप खाली ठेवला. "मग उद्या... बोलाल ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेले. फोटोला हार घातला, पहिल्या रांगेत बसले. माझं नाव दोनदा पुकारलं. मी उठले नाही.